उघड्या खिडक्या

फेन नदीच्या काठी, उणे अकरा अंशांत,
लुओ वेनशिऊ खिडक्या मोजते.
सातव्या इमारतीत
आज उघड्या : चौतीस.

बाहेर बर्फ, आत माणसं बनियनवर.
ऊब इथे चौरस मीटरवर मिळते.
थंडीआधी एकदाच पैसे भरायचे,
मग नळ्या तापतात म्हणजे तापतात,
कमी करायला चावीच नाही.
उकडलं की खिडकी उघडायची
आणि शहराचा कोळसा आभाळाला घालायचा.
‘फुकट नाही गं, भरलेत पैसे,’
म्हणतात हाओ आजी,
कठड्यावर मुळ्याच्या फोडी पसरत.

पहिलं धोरण आलं ते भिंतींसाठी.
परांचीवर चढून माणसांनी इमारतीला
चार बोटं जाडीचा अंगरखा घातला.
फीत कापली, फोटो निघाले.
जानेवारीत वेनशिऊने मोजल्या :
एक्कावन्न.
ऊब आत राहू लागली
तर लोकांनी तिला बाहेरची वाट दाखवली.
धुराड्याला पत्ताही लागला नाही.

नदीपल्याड, विटांच्या बैठ्या घरांत
दुसरं धोरण एकटंच आलं.
दारोदार मीटर. जेवढी ऊब तेवढं बिल.
भिंती मात्र जुन्याच,
फटीला हात लावावा तर वारा चावतो.
तिथे तिचे वडील राहतात, त्यंगुई.
तीस वर्षं बॉयलरच्या तोंडात
फावड्याने कोळसा भरवलेला माणूस.
त्यांनी चावी बंद केली, कोट चढवला,
कोटासकट झोपले.

त्या वर्षीचा आलेख
असा काही देखणा उतरला
की साहेबांनी तो चौकटीत लावला.
वेनशिऊ रोज त्याच्याखालून जाते.
रेघ जिथे तळाला टेकते
तिथे तिला खोकला ऐकू येतो.

तिसऱ्या हिवाळ्यात
कुणाला तरी सुचलं, किंवा नुसताच निधी उरला होता,
दोन्ही धोरणं एकाच भिंतीला पोचली.

रात्री कार्यालयात एकटीने
तिने भिंतीचा रकाना मीटरच्या रकान्याने गुणला.
इतकी वर्षं सगळे बेरीज करत होते.
एकाला शून्याने गुणलं तर शून्यच,
हे चौथीतलं गणित
चौथ्या मजल्यावर कुणी केलं नव्हतं.

नेहमीच जुळतं असंही नाही.
सासूनं मीठ घातलं, सुनेनंही घातलं,
अशी धोरणं तिने पाहिली आहेत.
आणि मागच्याच वर्षी
बसगाड्यांनी वाचवलेला धुराचा वाटा
सिमेंटवाल्यांनी विकत घेतला,
दोन डोंगरांपलीकडे नेऊन जाळला.
शहराच्या नकाशात डोंगर येत नाहीत.

फेब्रुवारी. सातवी इमारत : चार.
पूल ओलांडून ती वडिलांकडे जाते.
भिंत नवी, चावी दोनवर, कोट खुंटीला.
तरी खिडकी वीतभर उघडी.

‘बाबा, मीटर फिरतोय.’
‘फिरू दे दोन मिनिटं.’
ते धुराड्याकडे बघत असतात.
धुरावरून त्यांना पाळी ओळखता येते,
कोण फावड्यावर आहे, कोण पेंगतोय.

‘पातळ आहे,’ म्हणतात.
मग बराच वेळ काही नाही.
‘पाळीत आता दोघंच उरले असतील.
आम्ही नऊ होतो.’

ती वही काढते.
या उघड्या खिडकीचं काय लिहायचं
ते तिला ठरवता येत नाही.
तेच उठतात, खिडकी लावतात,
आणि चहाला पाणी ठेवतात.