तिसरा रकाना

दुसरीचा वर्ग, एकतीस मुलं, एक निळा टब.
टब अक्काताईंचा, फरशी पुसायचा.
"फुटला तर तुमच्या पगारातनं कापीन," म्हणाल्या,
आणि स्वतःच निम्म्याला भरून आणला,
मग दारातच थांबल्या, खराटा टेकून.

फळ्यावर मी दोन रकाने आखले होते:
बुडते. तरंगते.
हस्तपुस्तिकेत तसंच आहे, पान एकोणीस,
वेळ पस्तीस मिनिटं.

आधी अंदाज, मग टाकायचं.
खोडरबर बुडणार. बुडलं.
बाटलीचं बूच तरंगणार. तरंगलं.
मोसंबं बुडणार, जड आहे, सगळ्यांचे हात वर,
आणि ते डुलत राहिलं पाण्यावर निवांत,
गंगावेशीत दूध पिऊन बसलेल्या पैलवानासारखं.
सोलल्यावर मात्र तळ गाठला त्यानं.
"स्वेटर काढला न्हवं त्याचा," अलफिया म्हणाली.
मी काहीच बोलले नाही, नुसती साल दिली तिच्या हातात.
तिनं ती पाण्यात बुडवून दाबली,
बारके बारके बुडबुडे वर आले,
आणि ती माझ्याकडे न बघता
पुन्हा दाबत राहिली.

गुळाचा खडा टबापर्यंत पोचलाच नाही.
रियाजचा डावा गाल फुगला होता.

मग आदेश कुंभारानं दप्तरातून
ओल्या फडक्यातला शाडूचा गोळा काढला.
टाकला. बुडला.
"थांबा बाई."
बाही वर न करताच त्यानं हात घातला,
गोळा काढला, अंगठ्यानं त्याचं पोट खोल केलं,
कड चिमटीत धरून फिरवत फिरवत उचलली
(घरी आषाढात मूर्तींच्या बोटांना हात लावू देत नाहीत त्याला,
उंदीर मात्र सगळे त्याचेच)
आणि वाटी ठेवली पाण्यावर.
तीच माती. तेवढीच.
तरंगली.

मी खडू घेऊन दोन रकान्यांपुढे उभी.
शाडू कुठं लिहू?
"पाणी चढलं बाई," कुणीतरी म्हणालं.
खरंच, वाटीनं पाणी जरा वर सरकवलं होतं.
मी पेननं टबाला रेघ मारली,
आणि तिथून माझा तास माझ्या हातातून गेला.

"राजाराम बंधाऱ्यावर पण असल्या रेघा हाईत."
"एकोणचाळीस फूट झालं की आई गाद्या माळ्यावर टाकती."
"त्रेचाळीसला आम्ही शाळेत येतो."
"अभ्यासाला न्हाई, झोपायला."
"मी ह्याच वर्गात हुतो. फळ्याखाली."
"आमचा फ्रिज तरंगत गेलता. रिकामा हुता म्हणून."
"आमचं कपाट न्हाई तरंगलं."
"दार उघडं ऱ्हायलं असंल."
दार उघडं राहिलं तर काय होतं,
ते पान एकोणीसवर नाही.
त्यांनी ते आपसात मिटवलं, हुज्जत घालून,
हाताच्या ओंजळी उघडून, मिटून.

तोवर वाटीची कड मऊ पडली होती.
पाणी दुधाळ झालं, वाटी एका अंगाला कलली,
बसली तळाशी, आणि हळूहळू वाटीच राहिली नाही.
आदेश उठला, माझ्या हातातला खडू घेतला,
वाकडी उभी रेघ ओढली आणि लिहिलं:
इरघळते.
खाली शाडू. त्याखाली, रियाजकडे बघत, गूळ.
मी वेलांटी तेवढी तपासली,
'वि' करायला मन होईना.

सुट्टीत तो एकटा मागं राहिला.
"आमच्या भिंतीवर पुराची रेघ हाय, बाई.
बालवाडीत डोस्क्याच्या वर हुती.
आता नाकापाशी आल्या."
"रेघ सरकली, का तू?"
विचार केला त्यानं. "मी."
"कशावरून?"
"चप्पल बसंना."

अक्काताईंनी गढूळ पाणी जास्वंदीला घातलं.
टबावरची माझी रेघ राखेनं घासली,
नखानं खरवडली, मग नाद सोडला.
"उद्या काय बुडवताय?" म्हणाल्या,
"लवकर आवरतो मी."