पडद्याचं माप

आई घराला घर म्हणायची नाही
खिडकीचं माप घेईपर्यंत.

रॉटरडॅमच्या खिडक्या उंच, बंदराकडे तोंड केलेल्या.
बाबांच्या वखारीतली धान्याची धूळ
काचेवर बसायची पिठासारखी.
पडदे मोहरीच्या रंगाचे, मागून पांढरं अस्तर.
त्या मंगळवारी ते धुवायला काढले होते.
मे महिना, लढाईचा पाचवा दिवस,
आणि आई म्हणाली होती,
लढाई लढाईच्या जागी, मळ मळाच्या जागी.

जेवण अर्ध्यावर होतं.
मला आवाज आठवत नाही. विबेला आठवतो,
पण तो तेव्हा दोन वर्षांचा,
म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.
मला आठवतो बशीतला एक वाटाणा,
गडगडत टेबलाच्या काठापर्यंत गेलेला
आणि तिथेच थांबलेला.

मग टबातले ओले पडदे आमच्या डोक्यांवर.
त्यांच्याखालून मी शहर पाहिलं,
मोहरीच्या रंगाचं.
तळ्यापर्यंत पोचलो तेव्हा
पडदे कोरडे ठणठणीत.

आर्नहेमला आलेत्ता आत्याचा वरचा मजला.
खिडक्या बुटक्या. आईनं कापड कापलं नाही,
खालून दोन विती दुमडून टाके घातले.
कशाला कापायचं? परत जायचंय ना.
काचेला काळा कागद, आणि त्याच्या आत पडदा,
रस्त्यावरून कुणालाही न दिसणारा. चार वर्षं.
आत्या म्हणायची, हिलेत्ये, हे म्हणजे आंधळ्याला काजळ.

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात
एका रविवारी आभाळातून माणसं उतरली.
पुढच्या रविवारी आम्हाला निघायचा हुकूम.
अख्खं शहर रस्त्यावर: म्हातारे, ससे, दवाखान्यातल्या खाटा.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं,
आमचं बाबागाडीत होतं, आणि विबे चालत.
अस्तर उसवून बाबांनी झाडूच्या दांड्याला बांधलं,
वरून विमानांना कळावं, हे लढणारे नव्हेत.
आम्हाला कळलं असावं त्यांनी.
आमच्या पुढच्या गाडीला नाही.

बार्नेवेल्डजवळ कोंबड्यांचं खुराडं.
एकच खिडकी, तीही जाळीची.
त्या हिवाळ्यात आई फारशी बोललीच नाही,
पण पहिल्या संध्याकाळी तिनं जाळीवर वीत ठेवली.
दीड.
एक पडदा घडी घालून तिथे अडकवला,
दुसऱ्याचा विबेला कोट.
शेतकरी लुबर्ट म्हणाला,
माझ्या कोंबड्यांना पडदे लागले नव्हते कधी.
माणूस वाईट नव्हता तो. बटाटे द्यायचा,
मोजून.

परतलो तर आत्याच्या घराला छप्पर नव्हतं.
दारं, जिन्याच्या पायऱ्या, नळसुद्धा
कुणी कुणी नेलेले.
पडद्याची दांडी मात्र जागच्या जागी.
आई तिच्याकडे बघत हसायला लागली,
आणि थांबेना,
आणि आम्हाला तिची भीती वाटली.

रॉटरडॅमच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, पत्ता?
तिनं सांगितला. गल्ली, नंबर, दुसरा मजला,
बेल दोनदा वाजवावी लागते.
बाई, म्हणाला तो, ती गल्ली आता नाही.
सगळं नव्यानं आखलंय,
तिथून रुंद रस्ता जातो.
मग लिहा, ती म्हणाली,
रस्त्याच्या वर, दुसरा मजला.

उरलेला पडदा माझ्याकडे असतो.
उन्हानं त्याचा रंग कधीच नेला.
विबे म्हणतो, ती दुमड उसवून बघ,
आत मूळचा असेल.

असेल.
पण मी टाके तसेच ठेवलेत.
अजून एका खिडकीपुरतं कापड आहे त्यात.