प्रश्न सतरावा

अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात
मालिनी पाठराबे मॅडम आमच्या गावी उतरल्या,
आर्वीच्या एसटीतून, काखेत पुठ्ठ्याची फाईल.
मी बावीसचा. अक्षर बरं म्हणून सोबतीला दिलेला.

म्हाताऱ्यांना वय विचारू नकोस, म्हणाल्या.
तसंही ते कोणाला ठाऊक नव्हतं.
'काम' या रकान्यात मी सगळ्यांपुढे 'काही नाही' लिहिलेलं.
त्यांनी भागरथा ढोककडे बोट दाखवलं:
तुरीतले खडे निवडत होती,
मांडीवर नातवाची पोर,
डोळा शेजारणीच्या चुलीवरल्या दुधावर.
'खोड ते.'
मी खोडलं. शाई पसरली.

सतरावा प्रश्न त्यांचा स्वतःचा,
कुठल्या पुस्तकातून न घेतलेला:
तुम्हाला शेवटचं कोणी, कधी, काही विचारलं?
विचारून त्या गप्प बसायच्या.
गोदरू महल्ले तर अख्खी चिलीम संपेस्तोवर बोलला नाही.
मग म्हणाला, 'बैल घ्याचा होता तवा.
पोरगा म्हने, बाबा, दात पाहून द्या.
तो बैल बी मेला बाई.'

पुढे म्हणे त्या प्रश्नावर दिल्लीत परिषद भरली,
म्हातारपण शिकवायला तो फळ्यावर लिहू लागले.
मला आठवते ती चिलीम.
उत्तराच्या आधी त्यांनी मला लिहायला लावलं होतं,
'बराच वेळ'.

काल एक पोरगी आली, स्कूटीवर, टॅबलेट घेऊन.
वय आधी विचारलं. एकोणसत्तर.
सतरावा आता बेचाळिसावा झालाय, खाली पर्याय चार:
आज, या आठवड्यात, या महिन्यात, आठवत नाही.
मी गप्प.
तिचं बोट काचेवर, चौथ्याच्या जरासं वर.
'आज लिव,' म्हटलं, 'तूच तर विचारून रायली.'
'आमचं धरत नाहीत, काका.'
खरंच की. ती तळटीप माझ्याच अक्षरातली:
विचारणाऱ्याचा प्रश्न मोजू नये.

निघताना तिनं स्कूटी वळवली, थांबली.
'बोरघरेंच्या घरी कुठून जाऊ?'
नाल्यानं नको जाऊ, मोरीचा दगड हालते.
मारोतीच्या पारावरून घे.
पिवळ्या दारापाशी कुत्रं भुंकीन,
त्याले नुसतं 'धनाजी' म्हण, बसते खाली.
अन् म्हातारीच्या डाव्या अंगानं बोल, उजवा कान गेला तिचा,
चहा नाही म्हणू नको, राग येते तिले,
आणखी...

मी सांगतच होतो.
ती केव्हाच मारोतीपाशी पोचली होती.