अंगठ्याची जागा

गज माझ्याकडे येतात केस झडल्यावर,
पण मी आधी केस बघत नाही.
मुठीपाशी गुंडाळलेलं चामडं बघतो:
अंगठा कुठे टेकायचा, किती जोरात,
कुणाच्या धाकानं.

सेगेदमधलं हे दुकान आजेसासऱ्यांचं.
त्यांच्या वहीत एक नोंद आहे, एकोणीसशे अकराची:
‘शोल्त्स हेर्मिना. काठीला खाच.
पोरीचा अंगठा की खिळा?’

हेर्मिना वादाश मास्तरांकडे शिकायची.
मास्तर उजव्या काखेत पुस्तक धरायला लावत,
प्रार्थनेचं, जाडजूड.
पडलं की धडा पहिल्यापासून.
कोपर बरगडीला टाचलेलं,
मनगट तेवढं हलायचं बिजागरीसारखं,
आणि सूर निघायचा
इस्त्रीचा, घडी न मोडलेला.

पुढे हेर्मिनाच बाई झाली.
तिनं ते पुस्तक चुलीत घातलं, असं गावात सांगतात.
खोटं आहे. बुटक्या मुलांना
स्टँडवरचा कागद दिसेना, तर ती त्यांना
त्याच पुस्तकावर उभं करायची.
कोपर वर, म्हणायची, अजून वर,
खांद्याला कळू दे तू वाजवतोयस ते.
तिच्या शिष्यांचे गज मी हाताळलेत.
तर्जनीखालचं चामडं आरपार गेलेलं.
धाक गेला नव्हता,
एक बोट सरकला होता.

आता एमोके शिकवते, तिसा नदीपलीकडच्या शाळेत.
पहिला महिनाभर गज नाहीच.
मुलं सतरंजीवर उताणी पडतात
आणि एकमेकांचे हात उचलून बघतात,
झोपलेल्या मांजराएवढे जड झालेत का.
त्यांच्या गजांवर चांदण्यांची स्टिकरं असतात,
चामडं कोरं.
(धंद्याच्या दृष्टीनं वाईट.)

परवा त्यांतलीच दोर्का आली, नऊ वर्षांची,
माळ्यावर सापडलेला गज घेऊन.
मी खाच ओळखली.
तिनं अंगठा आत घालून बघितला.
‘इथं कुणाला दुखायचं का?’

बुजवू का, विचारलं. नको म्हणाली.
नवे केस ताणले, राळ लावली,
तिनं भिंतीवरचं व्हायोलिन मागून घेतलं
आणि मोकळ्या तारेवरून एकदाच गज ओढला,
लांब, टोकापर्यंत.

कोपर बरगडीला चिकटलेलं होतं.
मी काही बोललो नाही.
जानेवारी होता,
आणि शेगडी मी अजून पेटवली नव्हती.