पडद्याची उजवी कड

सरकारनं कॉडची मासेमारी बंद केली
त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात
न्यूफाउंडलंडच्या आमच्या गॅनेट कोव्हमध्ये
दोन ट्रक भरून माणसं आली
आणि एक सील.

सील पगारी होता.
त्याला वेगळी व्हॅन, आणि बादलीभर हेरिंग,
तेही बाहेरगावाहून मागवलेलं.
धक्क्यावर रिकामे बसलेले बाप्ये
सीलकडे नाही, बादलीकडे बघत राहिले.

सिनेमाचं नाव 'टबमधले काका'.
गोष्ट अशी, की एका घरात सील शिरतो
आणि चष्मा हरवलेल्या आत्याबाई
त्याला नवा भाडेकरू समजून
रोज न्हाणीघरात चहा नेऊन देतात.
तो टेलिफोन उचलतो. भाडं मात्र देत नाही.
शेवटी त्याला वरच्या खिडकीतून उतरवायचं ठरतं,
आणि शिडी धरायला
लागतो एक माणूस.

तो माणूस म्हणजे माझे बाबा, लिअँडर पार्डी.
दिवसाला चाळीस डॉलर आणि दुपारचं सूप.
"हसू नका," दिग्दर्शिकेनं आठ वेळा सांगितलं.
नवव्या वेळी तिनं नाद सोडला.

पाच तास गाडी हाकून
सेंट जॉन्सच्या थिएटरात आम्ही तो पाहिला.
पडद्याच्या अगदी उजव्या कडेला
सतरा सेकंद
बाबा, दुमजली घराएवढे,
हसताना.
आई म्हणाली, दाढी तरी करायची.
सिनेमा नऊ दिवस चालला.

मग नाताळच्या तोंडावर कॅसेट आली,
क्लूएटबाईंच्या पेट्रोलपंपावरच्या फळीवर,
गळ आणि वाटाण्याच्या डब्यांच्या मध्ये.
खोक्यावर सील, सीलच्या डोक्यावर टोपी,
जी त्यानं सिनेमात एकदाही घातली नव्हती.
आमच्या बैठकीत एकवीस माणसं,
सोफ्याच्या हातांवरसुद्धा.
खिडकी आली. सील आला. शिडी आली.
बाबा आले नाहीत.

एक अंगठा आला. नखाखाली डांबर.

रुंद पडदा चौकोनी टीव्हीत बसवताना
कुणीतरी कुठेतरी कडा छाटल्या होत्या,
सँडविचच्या छाटाव्यात तशा.
कुणी बोलेना. मग बाबाच म्हणाले,
"आधी मच्छी गेली, आता मच्छीमार."
आणि एकवीस माणसं इतकी हसली
की आत्याबाईंचा पुढचा प्रसंग
कुणालाच ऐकू आला नाही.

तेव्हापासून तो अंगठा
पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाला.
आई टेप मागे न्यायची, पुन्हा लावायची.
टेप तेवढ्याच जागी झिजली,
अंगठ्यावरून पांढऱ्या रेघा धावू लागल्या,
तिरप्या बर्फासारख्या.
आणि दर वेळी, मी पाहिलंय,
आई खुर्चीतून किंचित उजवीकडे वाकायची,
जणू टीव्हीच्या लाकडी चौकटीमागे
डोकावलं तर दिसतील.
बाबा शेजारीच असायचे, जिवंत, शेंगदाणे खात.
तरी वाकायची.

त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.
या मार्चमध्ये टपालानं डिस्क आली,
'पूर्ण रुंदीत, मूळ रंगांत',
बावीस डॉलर नव्व्याण्णव सेंट.
वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी.
आई म्हणाली, एवढी जागा फुकट घालवली,
चार माणसं बसली असती.

खिडकी. सील. शिडी.
आणि ते.
स्वेटर उलटा. दाढी तशीच.
सीलकडे त्यांचं लक्षच नाही,
बघतायत कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी,
जिथे त्या दुपारी
(हे आईनं मला आत्ता सांगितलं, तीस वर्षांनी)
सूप वाटायला आलेली ती
डोक्यावर पातेल्याचं झाकण ठेवून
दिग्दर्शिकेची नक्कल करत होती.
आठही वेळा.

मी रिमोट दाबला. चित्र थांबलं.
आई वाकली नाही. ताठ बसून होती,
बराच वेळ.
मग म्हणाली, "चालू कर गं.
किती उभं करशील त्यांना?
शिडी जड आहे ती."