फुकटचा डाव

गेटवर फोन जमा करायचा, टोकन घ्यायचं. माझं एकशे चौदा.
मग आठ तास पाचशेचे कोरे ताव नजरेखालून:
पसरलेली शाई, सरकलेली रेघ,
अर्धवट उमटलेला आकडा
दिसला की बाजूला.
एवढा पैसा रोज बघितला की पैसा दिसेनासा होतो,
नुसता दोष दिसतो.

सुटताना झडती. हात वर, डबा उघडा, पिशवी उलटी.
टोकन परत, फोन हातात,
आणि बिटको चौकापर्यंत चालता चालता
मी दिवसातली पहिली पेटी उघडते.
पेटी फुकट असते. पाच पत्ते, पालथे.
बोट लावलं की एकेक उलटतो
आणि बावन्नाव्या वर्षी
माझ्या पोटात गोटी घरंगळते.

तीन दिवाळ्यांमागे स्वानंदने घालून दिला हा खेळ, नणंदेच्या मुलाने.
पत्त्यांची नावं इंग्रजीत, जीभ वळेना,
म्हणून सगळ्यांची बारशी मीच केली.
शिंग मोडलेला तो दगडी रेडा.
जळत्या केसांची ती वन्सं (स्वानंदला सांगू नका).
दिवा घेऊन उभा तो कंदीलवाला,
एका थेंबात येतो.
आणि ज्याची ताकद एक, जीवही एकच,
तो अर्धा भाऊ.

"पत्ते?" मिस्टर म्हणाले. "पैसे लावून?"
नाही हो.
"मग मजा कसली?"

मध्येच दुकान उघडतं, आपणहून:
फक्त एकोणऐंशी रुपये, फक्त आज, फक्त तुमच्यासाठी.
खराब ताव काढावा तसं
मी कोपऱ्यातल्या फुल्लीवर बोट ठेवते.
अजून एक रुपया गेलेला नाही.
वेळ जातो, ते कबूल.
पण दिवसभर माझं सगळं मोजलेलं असतं,
ही वीस मिनिटं कुणाच्या वहीत नाहीत.

काल रात्री, जेल रोडची कुत्री भुंकून दमल्यावर,
समोर आला एक सोनेरीवाला.
प्रत्येक पत्त्याला लखलखती कड, म्हणजे विकतचे.
छपाईतलं मला कळतं. झाक चांगली होती.
सहाव्या पाळीला माझे दोन जीव उरले, त्याचे आठ,
आणि तो थांबला.
विचार करतोय, की दबा धरलाय?

मी कंदीलवाला उतरवला.
त्याचं काम एकच,
समोरच्याच्या हातावर उजेड पाडायचा.
दिसलं काय, तर पाचही पत्ते दहा-दहा थेंबांचे,
राजे, ड्रॅगन, गरुडावर बसलेली कुणी राणी,
सगळे श्रीमंत आणि सगळे अडकलेले.
थेंब त्याच्याकडे सहाच.

अण्णा आठवले. मेंढीकोटात माझ्या हातात दहिल्या साचल्या
की पान एका गालात सारून म्हणायचे,
"हेमे, दहिली दाबून कुणी मोठं झालंय का?"

मग काय. रेडा घुसला, वन्सं पेटल्या,
उरलेला एक जीव अर्ध्या भावाने नेला.
"हाणला!" मी अंथरुणातच ओरडले.
मिस्टर कूस बदलत, "कुणाला?"

या खेळात बोलता येत नाही, सहा ठरीव शब्द आहेत.
सोनेरीवाल्याने त्यातला "वा" पाठवला.
कुठला असेल, भुसावळचा की ब्राझीलचा?
मी "नमस्कार" पाठवला.
तो वाचायला थांबला नसावा.

जिंकल्याची पेटी उघडली.
चौथा अर्धा भाऊ.
जास्तीचा पत्ता मोडला की भुकटी मिळते,
भुकटी साठली की एखादी राणी.
बोट तिथवर नेलं,
मग मटकी भिजत घालायची राहिली म्हणून उठले.
परत आले तेव्हा हिशेब वेगळा वाटला:
चार अर्धे म्हणजे दोन पुरे.

राहू दे.