पाच जणांचा संच

खोकं सप्टेंबरातच आलं होतं.
तेव्हा एम्रिस घरात होता,
आणि होलीहेडच्या धक्क्यावर माणसं अजून
बाह्या दुमडून फिरत होती.
वर छापलेलं: नाताळच्या आदल्या रात्रीची पेटी.
आत पायजमे, रेनडिअरवाले, एकाच कापडाचे पाच,
पाच मग, कोकोची पुडी,
आणि एक मेणबत्ती, जिला दालचिनीचा वास आहे
असं तिच्यावर लिहून ठेवावं लागलं होतं.

"आदल्या रात्रीची वेगळी भेट!
हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?"
दरवर्षी मी विचारायचो हेलेदला.
"आमच्या वेळी नव्हतं असलं काही."
"तुमच्या वेळी न्हाणीघरही अंगणात होतं, बाबा,"
ती म्हणायची,
आणि माझा पायजमा घडी न मोडता कपाटात जायचा.
सहा आहेत तिथे तसे.
पेंग्विनांचे, हिमपुरुषांचे,
एक तर नुसत्या गाजरांचा.
तो का, ते अजून कळलेलं नाही.

मग मी माझं पुराण लावायचो:
नववर्षाची सकाळ, सफरचंदाला तीन काड्यांचे पाय,
अंगभर टोचलेल्या लवंगा,
ते हातात धरून आम्ही पोरं दारोदार गात हिंडायचो.
दुकान नाही, खोकं नाही, पावती नाही.
नातवंडं ऐकायची. मॅक्सन तोंड उघडं टाकून.
एवढंच सांगायचो नाही, की
बाराचा ठोका पडला की पैसे बंद,
म्हणून आम्ही अक्षरशः पळायचो.
प्रिदर्चबाई सहा पेन्स द्यायच्या,
त्यांच्या दारात दोन कडवी जास्त.
चिक्कू म्हाताऱ्या पॅरीकडे
अर्ध्या ओळीतच पुढच्या घराकडे नजर.

आणि हेही नाही, की चाळीस वर्षं
आयरिश बोटींतून मी जी खोकी उतरवली
त्यांत असलंच काहीबाही असायचं.
त्यावर हेलेदचे दात सरळ झाले,
या घराचं छप्पर झालं.

यंदा मी काही विचारलं नाही.
चोवीस तारीख, बाहेर वारा असा
की दाराची टपालपेटी आपणच बोलत होती.
मॅक्सननं फोन पुढे केला:
एम्रिस, रेक्समच्या कुठल्याशा सोफ्यावर,
शेजारी ती, तिची दोन मुलं,
चौघं चौकड्यांच्या पायजम्यात.
"कंपनी आपलीच आहे," तो म्हणाला.
"शिलाईवरून कळतं."
नऊ वर्षांचं पोर.

हेलेदनं पेटी उघडली
आणि हात चालू राहिले म्हणून पाचही मांडले
कोचाच्या पाठीवर, मापानुसार.
सर्वांत मोठा कडेला.
त्याच्या बाह्या खाली लोंबत राहिल्या.

मला वाटलं, आता माझी पाळी.
म्हातारा मनुष्य, निदान एक रिकामी जागा तरी भरेल.
मी तो मोठा उचलला.

"तो नाही, टाइड," ग्वेनो म्हणाली.
"तुझा हा आहे. मधला."
जरा थांबून: "तुझा नेहमीच असतो."

घातला मग.
मानेला लेबल टोचतं.
कापड असं की उठता बसता ठिणग्या,
रेनडिअरांची नाकं पहिल्या धुण्यात जातील.
पैशांची राख, मी अजून म्हणतो,
पंचाहत्तर पौंडांत दोन चांगली कोकरं येतील
किंवा निदान कोकराच्या लोकरीचं काही.
पण मी त्यात झोपलो,
आणि सकाळी काढायचं विसरलो,
तसाच कोळसे आणायला बाहेर गेलो.
समोरची बाई हसली. हसू दे.

मोठा तो, हेलेदनं विचारलं, परत पाठवता येईल का.
तीस दिवसांची मुदत, मॅक्सननं वाचून दाखवलं.
ती ऑक्टोबरातच संपलेली.

कपाटात माझ्या सहांवर
आता तो आहे.
दार नीट लागत नाही.